मावशींचं उजवं कोपर

वसुधामावशी कुणाकडे पहिल्यांदा गेल्या, की आधी त्या घरातली एखादी जड वस्तू उचलून बघतात. आमच्याकडे त्यांनी भरलेला सिलिंडर उचलला, "तीस किलो. बरा आहे," म्हणाल्या आणि मगच चहाला बसल्या. वय वर्षं त्रेसष्ट.

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आल्या, निवृत्त झाल्या आणि सॉल्ट लेकमध्येच राहिल्या, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. एकट्या. पुण्याचे भाऊ परत ये म्हणतात. "मी काय पार्सल आहे, परत यायला?" साठीनंतर त्यांनी जिम लावली. तिथल्या ट्रेनरनं पहिल्या दिवशी हलके डंबेल पुढे केले, तर म्हणाल्या, "वजन वय विचारत नाही. तू का विचारतोस?"

मग उजव्या कोपरात कळ यायला लागली. चहाचा कप हातातून सुटला. डॉक्टर म्हणाले, "या वयात हे कशाला?" मावशी खुर्चीवरून उठल्याच. "मी कोपर दाखवायला आले होते, वय नाही!" आणि हट्टानं आणखी दोन आठवडे वजनं उचलली. शेवटी एका संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात मावशी, हातात किल्ली. "समीर, माझं कुलूप उघड. तुझ्या हाताला तेवढाच व्यायाम."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दीपान्विता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं व्यायाम सोडा असं म्हटलंच नाही. दांडा फार आवळून धरता, मनगट वाकवता, वजन घाईनं वाढवता, एवढंच सांगितलं. काही दिवस जड उचलायचं नाही. हात टेबलावर टेकवून एक किलोचा डंबेल हळूहळू खाली न्यायचा. मावशींनी त्या गुलाबी डंबेलकडे बघितलं. "हा काय मिठाचा पुडा आहे?"

पण रोज केलं. दार लावून, कुणी बघू नये म्हणून. तीन महिन्यांत त्या पुन्हा जिममध्ये गुरगुरायला लागल्या.

परवा बुधवारी ऑफिसातून येताना त्यांना दीपान्विताच्या क्लिनिकमधून आणायला गेलो. आत दीपान्विता त्यांचा हात मांडीवर घेऊन चोळत होती आणि आपल्या लेकीच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती. कुणाला वाक्य पुरं करू न देणाऱ्या मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

त्या चपला घालायला गेल्या तेव्हा दीपान्विता हळूच म्हणाली, "दादा, माशीमा का हाथ तो कब का ठीक हो गया. फिर भी हर बुधवार आती हैं, बोलती हैं दुखता है. मैं भी कुछ नहीं बोलती."

ऑटोत मावशींनी विचारलं, "काय सांगत होती?"

"काही नाही."

"खोटं बोलू नकोस."

मी त्यांच्या उजव्या कोपराकडे बघितलं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं झाकलं. मग मान ताठ करून म्हणाल्या,

"पुढच्या बुधवारपासून डावं दुखणार आहे."