दातारकाकांची आत्या

दातारकाका दाराला कुलूप लावायचे, दोनदा ओढून बघायचे आणि मग कुलपापाशी वाकून हळूच म्हणायचे, "आत्या, येतो हं!" आतून उत्तर आलं तर आणखीच घाबरायचे. कारण त्यांची आत्या म्हणजे एक करडी मांजर होती.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पनवेलला भाताच्या शेतावर नवीनच उठलेल्या इमारतीत काका आणि मी दोघंही भाडेकरू, भिंतीला भिंत. मालक भगवानशेठ तळमजल्यावर. माणूस तसा वाईट नाही, पण घरात जनावर म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आधीच्या भाडेकरूचं मांजर त्यांनी गोणीत घालून पळस्प्याच्या नाक्यावर सोडलं आणि भाडेकरूलाही बाहेरची वाट दाखवली. काकांना हे कळलं ते मांजर घरात आणल्यावर. झालं! तेव्हापासून जीव मुठीत.

काका एकटे, कचेरीत कारकून. मांजर ओरडली की तिच्याहून मोठ्याने विचारायचे, "आत्या, फार दुखतंय का हो?" त्यामुळे काकांची आत्या अंथरुणाला खिळलीय, अशी सगळ्या इमारतीची खात्री. एकदा जिन्यात शेठनीच विचारलं, "काका, आत्याला झालंय तरी काय?"

काका घाईघाईने म्हणाले, "वात आहे. जिना उतरवत नाही. कपाटावर चढतात, तेवढंच."

"भ्रमिष्ट झाल्यात हो, वय झालं," माझ्या मेलीच्या तोंडून निघून गेलं. आता मीही अडकले! लसूणसुद्धा न खाणाऱ्या या माणसाच्या मांजरीसाठी बाजारातून मांदेली मासळी आणायची मी, तीही पदराआड लपवून.

"वहिनी, कुणी पाहिलं नाही ना?" हे त्यांचं पालुपद.

"तुमच्यापायी एक दिवस मलाही गोणीत घालतील," मी फणकारायचे. वर हसायचे, पण जिन्यात शेठच्या चपला वाजल्या की मासळीची पिशवी पदराखाली आणखी आत ओढायचे.

आणि एका रविवारी शेठची आई, हिराआजी, वर आली. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिची रीत. हातात सुक्या बोंबलाच्या कालवणाची वाटी! मी माझ्या दारातून तिला थांबायच्या खुणा करतेय तोवर तिने कडी वाजवली आणि काकांनी मीच आलेय असं समजून दार उघडलं. वास सुटला मात्र, आत्या कपाटावरून थेट आजीच्या पायाशी.

काकांनी मांजर उचलून छातीशी धरली. "आजी, मी आजच खोली सोडतो. पण शेठना सांगा, गोणी नको. ती फार भित्री आहे हो."

खालून शेठची हाक आली, "आये, म्हातारी कशी हाय गो?"

मी डोळेच मिटले. आता संपलं सगळं.

आजी मांजरीला घट्ट धरलेल्या काकांकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "आत्या कशाला म्हनतोस रे हिला?"

काकांनी मान खाली घातली. "घरातून निघताना कुणाला तरी 'येतो' म्हणायला हवं ना, आजी. नुसत्या कुलपाला काय सांगायचं?"

आजीने वाटी जमिनीवर ठेवली. आत्या तुटून पडली. मग आजी जिन्याकडे तोंड करून ओरडली, "जेवतेय बरी! पन तिला गडबड सोसत नाय. वर कोनी येऊ नुको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कुलूप लावलं, दोनदा ओढलं, इकडेतिकडे भीत भीत पाहिलं आणि वाकले. "आत्या, येतो हं!"

तळमजल्यावर जिन्यापाशी कान देऊन बसलेल्या हिराआजीचा खणखणीत आवाज आला, "ये रे पोरा! लवकर ये!"

काका किल्ली हातात धरून जिन्यातच उभे राहिले. त्या दिवशी त्यांची नेहमीची एसटी चुकली.