ओसरीवरची उलटतपासणी

आमच्या शेजारच्या नाना वकिलांना "काय नाना, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नाही. ते थांबतात. हातातली पिशवी खाली ठेवतात. प्रश्न पूर्ण संपला आहे याची खात्री करून घेतात आणि मग म्हणतात, "प्रश्नाच्या पोटात उत्तर भरून देऊ नका. 'कसे आहात' एवढंच विचारा." तसं विचारलं, की म्हणतात, "बरा आहे." पिशवी उचलतात आणि निघतात.

अमळनेरच्या बाजारात त्यांना सगळे ओळखतात. भाजीवाली म्हणाली, "नाना, कालच्यासारखीच वांगी देऊ ना भरताची?" तर नाना म्हणतात, "मी काल वांगी घेतली, हे मला मान्य नाही." भाजीवालीही आता तयार झाली आहे. "मग काल कोण आलं होतं?" असं ती विचारते. नाना विचार करून सांगतात, "ते मला माहीत नाही. मी घरी होतो." काल अक्का आलेल्या असतात. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. न्हाव्याने "मिशी बारीक करू की काढून टाकू?" असं विचारलं, तेव्हा नानांनी त्याला ऐकवलं होतं, "दोन्ही पर्याय तुझे आहेत. तिसरा मी सांगतो. राहू दे."

हे सगळं त्यांच्या कामातून आलेलं आहे. नाना आता कोर्टात उभे राहत नाहीत. दुसऱ्या वकिलांकडचे बचावाचे साक्षीदार त्यांच्याकडे येतात आणि नाना त्यांना उलटतपासणीसाठी तयार करतात. तयार करणं म्हणजे पढवणं नव्हे. एकदा एक माणूस आला आणि म्हणाला, "काय सांगायचं ते एकदा सांगून टाका, पाठ करतो." नानांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "काय बोलायचं ते तुझं तुला ठाऊक," ते म्हणाले. "मी फक्त ऐकायला शिकवतो."

ऐकायला शिकवण्याचा वर्ग त्यांच्या ओसरीवर भरतो. नाना लेंग्यावर काळा कोट चढवतात. कोट अंगात गेला, की त्यांचा आवाज बदलतो. ते मधाळ बोलतात, मग अचानक खेकसतात, एकच गोष्ट तीन वाटांनी विचारतात, शेवटी "खरं की नाही?" जोडतात. कोट काढला, की "पाणी घ्या" म्हणतात. ओसरीवर हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला घरात दोन माणसं राहतात असं वाटतं.

पण खरी परीक्षा घेतात अक्का, आणि ती जेवणाच्या ताटावर होते. साक्षीदाराला नियम एकच असतो. पोट भरलं, की "नको" म्हणायचं आणि त्यावर टिकायचं. खानदेशात राहिलेल्या माणसाला यातली अडचण समजेल. अक्का खापरावरची पुरणपोळी घेऊन येतात. "अर्धीच." नको. "मागच्या वेळी तर मागून घेतली होती तुम्ही." मागच्या वेळी तो माणूस आलेलाच नसतो, पण तो ओशाळतो. "म्हणजे माझ्या हाताला चव नाही, असंच ना?" इथे बहुतेक जण पडतात. जे टिकतात त्यांच्यासाठी अक्कांकडे शेवटचा उपाय आहे. त्या काहीच बोलत नाहीत. ताटावर पोळी धरून नुसत्या उभ्या राहतात. ती शांतता सहन न होऊन माणूस म्हणतो, "बरं, वाढा."

"बघा," नाना कोपऱ्यातून म्हणतात, "कुणी काही विचारलंच नव्हतं. तरी कबूल झालात."

मी स्थानिक दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या देतो. सरकारी वकील आणि अक्का यांची पद्धत सारखी आहे, हे मी कठड्याजवळ बसून अनेकदा पाहिलं आहे. फरक इतकाच, की अक्कांच्या हाती लागलेला माणूस जेवून उठतो.

हिराबाई नानांकडे आल्या त्या रशीदभाई पिंजाऱ्याच्या खटल्यात. रशीदभाई गावोगाव जाऊन गाद्या भरतात. एका व्यापाऱ्याशी त्यांची बाचाबाची झाली आणि पुढे त्याच्या कापसाच्या गंजीला आग लागली. आरोप रशीदभाईंवर आला. आग लागली त्या दुपारी रशीदभाई बोरी नदीकाठच्या एका गावात हिराबाईंच्या अंगणात बसून त्यांच्या मुलीच्या लग्नाची गादी भरत होते. हे सांगू शकणाऱ्या हिराबाई एकट्याच. त्या विधवा होत्या. मुलगी त्या दिवशी मामाकडे गेलेली होती. त्या बोलल्या नाहीत, तर रशीदभाई तुरुंगात जाणार होते. बोलल्या, तर 'मी दुपारभर एका परक्या पुरुषाबरोबर घरी होते,' असं भर कोर्टात सांगावं लागणार होतं. दिराने बजावलं होतं, "तठे जाशी, तर आम्हना दार बंद."

तरीही त्या आल्या. पहिल्या दिवशी नानांनी कोट घालून विचारलं, "ऊन फार होतं. अंगणात कोण बसलंय ते तुम्हाला नीट दिसलं नसेल?"

"हा, नसीन," हिराबाई म्हणाल्या.

नानांनी कोट काढला. "दिसलं होतं ना तुम्हाला?"

"दिसनं व्हतं की. समोरच व्हता तो."

"मग नसेल का म्हणालात?"

"तुम्ही म्हनतस म्हनीसन. मोठा मानूसले तोंडवर नही कसं म्हनानं, नाना?"

आयुष्यभर त्यांनी कुणा मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. सासऱ्याला नाही, तलाठ्याला नाही, दिराला तर नाहीच. पहिल्या दिवशी अक्कांनी वाढलेलं सगळं त्यांनी खाल्लं आणि संध्याकाळी बसमध्ये मळमळायला लागलं, म्हणून उतरून परत आल्या आणि ओसरीवर पडून राहिल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला अक्का पोळी धरून उभ्या राहिल्या आणि हिराबाईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "नही, अक्का." अक्का हलल्या नाहीत. हिराबाईंचे डोळे भरून आले, पण हात तसेच राहिले. अक्का पोळी घेऊन आत गेल्या. हिराबाई त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "राग नका धरा, अक्का."

"राग? अगं, तू पास झाली," अक्का म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी नानांनी पुन्हा कोट चढवला. मी तेव्हा माझ्या अंगणात होतो आणि मधली भिंत बुटकी आहे. नानांनी विचारलं, "नवरा नाही, मुलगी घरी नाही, आणि दुपारभर परका पुरुष. नुसती गादीच भरत होता का?"

हिराबाई पदर तोंडाला लावून बसल्या. नानांनी कोट काढून खुंटीला टांगला, स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्यापुढे खाली बसले.

"ताई, हे तिथे विचारणार. पहिल्यांदा ऐकायचं ते तिथे ऐकू नका, इथे ऐका. इथे रडलात तरी लिहून घेणारा कुणी नाही."

तारखेला नाना कोर्टाच्या आवारापर्यंत आले आणि बाहेरच थांबले. आपला साक्षीदार कठड्यात असताना ते कधीच आत येत नाहीत. सरकारी वकिलांनी तो प्रश्न विचारला, जवळपास त्याच शब्दांत. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. हिराबाई थांबल्या. प्रश्न पूर्ण संपू दिला.

"नही," त्या म्हणाल्या.

सरकारी वकील खुलले. "मग आणखी काय करत होता?"

"जेवना. उपाशी मानूस कसा काम करी? तो नको म्हने, मीच आयकं नही. भाकर वाढी, ठेचा वाढा. मनी पोरनी गादी भरी ऱ्हायंता तो."

 सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला, पण आवाज उतरलेला होता. काही आठवड्यांनी रशीदभाई निर्दोष सुटले. ती बातमी मी दिली. पण साक्षीच्या दिवशी संध्याकाळी जे झालं, त्याची बातमी होत नव्हती.

कोर्ट सुटल्यावर बचावाच्या वकिलांभोवती गर्दी होती. हिराबाई पायऱ्यांवर एकट्याच उभ्या होत्या. गावातलं कुणी आलं नव्हतं. नानांनी त्यांची पिशवी घेतली. अक्का आधीच एसटी स्टँडवर पोचल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुम्हीही चला, खिडकीतून रुमाल टाकायला कुणीतरी पाहिजे." मी रुमाल टाकला, जागा धरली. नाना आणि हिराबाई पुढच्या बाकावर बसले, मी आणि अक्का मागे.

"प्रत्येकाला असं घरी पोचवता?" मी विचारलं.

"बाई असली, की पोचवतात," अक्का म्हणाल्या. मग आवाज हळू करून त्यांनी सांगितलं, "नवीन वकील होते तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीची साक्ष झाली होती. त्यांनीच तयार केलं होतं तिला. छान बोलली. हे हार-पेढ्यांत अडकले आणि ती एकटी एसटीने गावी गेली. कोर्टात विचारलं नव्हतं ते गावाने विचारलं. दारोदार. आता ती सुरतेला असते. ह्यांचा फोन उचलत नाही."

पुढच्या बाकावर नाना हिराबाईंना जावयाचं गाव विचारत होते.

हिराबाईंच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा दारांत माणसं होती. कुणी हाक मारली नाही. हिराबाईंनी कुलूप उघडलं. नाना आत गेले नाहीत, सगळ्यांना दिसेल असे ओट्यावर बसले. अक्का त्यांच्या शेजारी बसल्या आणि समोरच्या दारातल्या बाईला म्हणाल्या, "ये ना गं, बस." ती जागची हलली नाही.

थोड्या वेळाने दीर आला. हिराबाईंकडे न बघता त्याने विचारलं, "वकीलसाहेब, तुम्हनं काय काम शे आठे?"

"वकील म्हणून आलो नाही," नाना म्हणाले. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा होता. "बहिणीला घरी पोचवायला आलो."

वहिनीचा भाऊ दारात आला, की दिराला तसं उभं राहता येत नाही. तो साऱ्या भावकीचा पाहुणा असतो. नाना हिराबाईंचे कुणी नव्हते, हे दिराला ठाऊक होतं आणि दारांतल्या सगळ्यांनाही. त्याने एकदा दारांतल्या माणसांकडे पाहिलं. मग आपल्या घराच्या दिशेने तोंड करून ओरडला, "खाट आना रे. पाव्हना ओटावर बठेल शे."

खाट आली. समोरची बाई आपल्या घरून चहाची कपबशी घेऊन उतरली. हिराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्या आत वळल्या आणि चूल पेटवल्याचा आवाज आला.

अक्कांनी हळूच म्हटलं, "अहो, बस जाईल."

"जाऊ दे," नाना म्हणाले आणि चपला काढून त्यांनी पाय खाटेवर घेतले.