नसीरचाचांच्या वहीतल्या न सापडलेल्या मुली

नसीरचाचांना अर्धं नाव चालत नाही. येडशी स्टेशनासमोर चहा मागवतानाही ते "बालाजी दगडू शिंदे, एक चहा" असं म्हणतात. चहावाला वैतागतो, पण चहा देतो. चाचींनाही ते त्यांच्या वडिलांच्या नावासकट हाक मारायचे. चाची गेल्यापासून ती हाक बंद आहे.

चाचा आमच्या शाळेतले क्लार्क. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांची नावं रजिस्टरात लिहिली. रिटायर झाल्यावर पुतण्यानं मोबाईल दिला आणि दाखवलं की पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकलं की नेट तेवढंच नाव शोधतं, भलतेसलते लोक आणत नाही. चाचा लई खूश. त्यांच्यासारखं काटेकोर कुणीतरी निघालं एकदाचं.

माहेरी गेले की मी चाचांना भेटल्याशिवाय येत नाही. माझ्या दहावीच्या वेळी वडिलांनी स्थळ बघितलं होतं, परीक्षेच्या फॉर्मवर सही करत नव्हते. चाचा सायकलवर आमच्या शेतात आले आणि दुपारभर बांधावर नुसते बसून राहिले. शेवटी वडिलांनीच कंटाळून सही केली. त्या सहीमुळं मी आज नर्स आहे, हे मी कुणालाही सांगते.

यावेळी चाचांच्या मांडीवर एक वही होती. जुन्या मुलांची नावं उतरवून ते रोज सकाळी एक पान नेटवर शोधतात. सापडलं की खूण. कुणी तलाठी, कुणी पुण्यात दुकानदार. मी पानं चाळली. मुलींपुढं सापडल्याची एकही खूण नाही. 'मंगल किसन जाधव', म्हणजे माझ्या नावापुढं, पेन्सिलीच्या आठ रेघा होत्या. आठ वेळा शोधलं होतं मला.

"पोरी कुठं गेल्या कळंना," चाचा म्हणाले. "तू समोर हायस, पण नेटवर तूबी न्हाईस. शिकून बाकीच्यांचं काही झालं, का न्हायच झालं?"

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. अहो, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव मीनाक्षी लिहिलं. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. आता ती मंगल नेटवर सापडणार कशी? आयुष्यभर नावंच लिहिलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये! मी समजावलं, तर चाचा गंभीरपणे म्हणाले की नाव बदलायला अर्ज लागतो, तो एकीनंही दिलेला नाही.

मग मी सांगितलेलं सासरचं नाव त्यांनी एका बोटानं टाइप केलं, 'मीनाक्षी राजेंद्र पवार'. दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या बढतीची यादी उघडली. चाचांनी त्यातल्या माझ्या नावावर बोट ठेवलं. चष्मा पुसला आणि वहीत माझ्या नावापुढं शाईच्या पेनानं खूण केली.

"बाकीच्यांची सासरची नावं लिहून दे. पूर्ण."

मैत्रिणींना फोन लावत मी तिथंच बसून सोळा नावं लिहिली. निघाले, तर दारातून हाक आली, "मंगल किसन जाधव."

लग्नानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. मी वळले.

"हजर, चाचा."