चेंडू देवराव काढेल

देवराव कुठलीही वस्तू एका हातानं घेत नाही. चहाचा कप असो, लग्नपत्रिका असो, दोन्ही हातांनी घेणार आणि आधी छातीशी धरणार. बोरगाव मेघेत आमची घरं लागून आहेत, त्यामुळे त्याच्या शर्टावरचे चहाचे डाग मला पाठ आहेत. काही म्हटलं की उलट मलाच विचारतो, "देवानं दोन हात काऊन देल्ले बे?"

हा माणूस एकेकाळी नागपूरच्या एका फुटबॉल क्लबचा पगारी गोलकीपर होता. मीही त्याच संघात बॅक होतो, त्याच्या पुढ्यात बचावाला. सात मोसमांत त्यानं किती गोल अडवले ते एकाही शहाण्याला आठवत नाही. फायनलमध्ये सुटलेला एक गोल मात्र टपरीवरचं कालचं पोरगंही रंगवून सांगतं. त्या गोलापायी क्लबनं त्याला घरी बसवलं. मेले सगळे कृतघ्न.

आता तो मुलींच्या संघाचा कोच आहे. शिव्या भरपूर घालतो, पण गोल झाला की जाळीतला चेंडू गोलकीपरला काढू देत नाही. पासष्टीचे गुडघे ओढत स्वतः मैदानात घुसतो. रेफरी वैतागले. परवा सेलूच्या सामन्याआधी आयोजकांनी बजावलंच, "पुन्हा आत आलात तर कोचपद गेलं समजा."

गोल झाला. पोरगी मान खाली घालून उभी. देवराव गेला, चेंडू काढला, तिच्या हातात दिला. कोचपद तिथंच संपलं.

परतीच्या एसटीत मी भडकलो. "काऊन गेलता बे आत?"

"फायनलच्या दिवशी मी एकटाच गेलतो चेंडू काढाले. दहाही जन पाठ फिरवून उभे होते."

त्या दहांत मी होतो. आणि चेंडू माझ्याच पायाला लागून जाळीकडं वळला होता. पस्तीस वर्षं हे कुणाला सांगायची माझी छाती झाली नव्हती. त्या एसटीत सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," देवराव म्हणाला. "गोलकीपर मांगंच उभा राह्यते. त्याले सगळ्यायचे पाय दिसते."

"मंग तवाच बोलला काऊन नाई?"

"खेळाडूच्या कोट्यातून तुही नोकरी लागून राह्यली होती ना."

त्याच नोकरीतून मी निवृत्त झालो. ऑफिसात सत्कार झाला, तेव्हा देवराव पहिल्या रांगेत बसला होता. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या होत्या.