हरेश्वरभाऊंचं टिंब

हरेश्वरभाऊ स्वतःचं वय "सत्तावन्न टिंब तीन" असं सांगत. डब्यात भाकऱ्या किती? "दोन टिंब पाच." बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात ते टाक्यांमधले नमुने तपासून कम्प्युटरवर निकाल नोंदवायचे. १.१२ म्हणजे पहिल्या लाइनीची बारावी टाकी. बाटलीवर नंबर लिहिताना टिंब लाल पेन्सिलीने गिरवत, वर फुंकर मारत. कुणी हसलं की म्हणत, "टिंबाला मान दे रं. आवाज करत नाय म्हनून काय तो नाय काय?"

डेटाबेस माझ्याकडे होता. त्यात टाकीचा नंबर हेच रकान्याचं नाव, आणि नावात टिंब त्याला चालत नसे. १.१२ दिसलं की तो '१' उघडून त्याच्या पोटात '१२' शोधायचा, आणि रुसून बसायचा. टिंबाच्या जागी दुसरी खूण ठेवणं हा खरा उपाय. मला घाई होती. साठवताना मी टिंब काढूनच टाकलं, दाखवताना पहिल्या आकड्यानंतर परत घातलं. तेव्हा नऊच लाइनी होत्या. चालून गेलं.

पुढे नव्या लाइनी आल्या. टिंब काढलं की ११.२ काय आणि १.१२ काय, दोन्ही ११२च. पहिल्याच दिवशी ११.२ चा चांगला निकाल १.१२ च्या नावावर बसला, आणि १.१२ चा खराब माल गिऱ्हाइकाकडे जाऊन परत आला.

साहेबांनी भाऊंना बोलावलं. मी शेजारीच उभा होतो. भाऊ स्क्रीनजवळ वाकले. "माजाच टिंब सरकला असंल, साहेब. डोले गेले माजे."

त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. मी त्याच संध्याकाळी प्रोग्राम गुपचूप नीट केला. बोललो नाही. मुळातच कमी बोलतो, हे सोयीचं पडलं.

चार वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, समुद्रकाठी नवापूरला त्यांच्या घरी गेलो. भाऊ ओट्यावर एकटेच. समोर मंडळी जाळी दुरुस्त करत, एकमेकांची टिंगल करत बसलेली.

"तुम्ही नाही बसत त्यांच्यात?"

"बायको गेल्यावर तितंच बसायचो. पन आता भोक दिसला नाय त? लोकांची मासली जाईल."

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगितलं. शिव्यांची वाट बघत मान खाली घालून बसलो.

"म्हंजे माजे डोले बरे हायत?"

"हो, भाऊ."

"मंग आदी सांगायचा ना रं, गाढवा!"

माझं मनगट धरून त्यांनी मला जवळजवळ पळवतच जाळ्यांपाशी नेलं. "आयका रं! माजे डोले बरे हायत! ती चूक कम्प्युटरची व्हती!"

"च्यायला, मंग चार वरसा फुकट बसलास?" एकजण सरकून जागा करत म्हणाला. "घे सुई!"

"कम्प्युटरची नाही," मी म्हणालो, "ती चूक माझी—"

भाऊंनी मनगट करकचून दाबलं. "गप ऱ्हा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "कम्प्युटरला काय, घरी जाऊन पोरांना तोंड थोडाच दावायचा हाय."