जोतीरामांनी टॉवेल फेकला

जुळे सोलापुरातल्या सोसायटीचं सेक्रेटरीपद जोतीरामांच्या गळ्यात पडलं आणि घरातलं जेवणखाण बिघडलं. घास तोंडाजवळ नेला की कुणाची तरी टाकी रिकामी व्हायची आणि फोन वाजायचा. शेवटी विजयमालाबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "आज मीटिंगमध्ये पद सोडून या. न्हायतर मी चालले जेऊरला, माहेरी."

सोडायचं, पण रुबाबात! जोतीराम रोज इंग्रजी पेपर वाचत. त्यात मंत्री राजीनामा देवो, टीम हरो, कंपनी बंद पडो, सगळे 'थ्रो इन द टॉवेल' करायचे.

"बॉक्सिंगमधलंय ते, बाबा," लेक संस्कृती म्हणाली. "हरलो म्हणायला टॉवेल रिंगणात फेकतात. आता सगळे नुसतं लिहितात, फेकत कुणी नाही."

"का म्हणून? सोलापुरात टॉवेलला काय तोटा?"

मीटिंगमध्ये त्यांनी आधी सगळ्यांना अर्थ नीट समजावला. मग "मी हरलो, दुसरा सेक्रेटरी बघा," म्हणून कोरा करकरीत टॉवेल फेकला. तो पडला शेजारच्या धुळाप्पांच्या मांडीवर. धुळाप्पांचा उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. त्यांनी आधी सूत चोळून बघितलं.

"माल लई भारी हाय की! कुटनं घेतला?"

टॉवेल हातोहात फिरला. कुणी काठ ओढला, कुणी दुकान विचारलं.

"अहो, मी हरलोय!" जोतीराम कळवळले.

"ते कळलं ओ. पण तुमी आमाला टॉवेल दिला. आहेर घिऊन माणसाला रिकामं लावून द्यायचं व्हय?"

धुळाप्पांनी घरून टॉवेल, टोपी, नारळ मागवून जोतीरामांना आहेर केला. लग्नाकार्यात आलेल्या टॉवेल-टोप्या सोलापुरात कुठल्या कपाटात नसतात? मग धुळाप्पांचा मान झाला आणि आपला राहिला असं कसं चालेल, म्हणून घरोघरचे लोक धावले. एवढा सत्कार घेतलेला माणूस पद सोडतो कसा? टाळ्यांच्या कडकडाटात जोतीराम पुन्हा सेक्रेटरी झाले.

डोक्यावर टोप्यांची चळत आणि खांद्यावर टॉवेलांचा ढीग घेऊन ते घरी आले, तर दारात भरलेली बॅग.

"अगं, जाऊ नको गं!"

"मी कुटं जाते? बॅग तुमची हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "टाळ्या ऐकल्या तवाच भरली. चार दिवस जावा माझ्या माहेरी आन् पोटभर जेवा. मोबाइल तेवढा हितं ठेवा. आता कोण फोन करतंय, बघतेच मी."