द्राक्षांना आणखी चार दिवस

बोरगावात सगळीकडे संत्र्यांचे बगिचे. त्यात वाइनची द्राक्षं लावायची हौस एकट्या उत्तमरावांना आली. (कचेरीत पस्तीस वर्षं बाबूगिरी केलेल्या माणसाला हौस आली, की ती आवरायला कुणी साहेब नसतो.) हौस त्यांची, छाटणी, बांधणी, फवारणी मात्र बायकोची, शकुंतलाबाईंची. तीन वर्षांनी, यंदा, पहिल्यांदा घड काळेभोर लगडले.

नाशिकचा खरेदीदार म्हणाला होता, "यंत्रावर गोडी बावीस भरली तर उत्तम. वीसही चालेल."

गोडी वीस भरली. उत्तमराव बावीससाठी अडून बसले.

"आजच तोडा न जी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आभाळ भरून येऊन राहिलं."

"अवं, उन्हानं गोडी चढते. मोबाइल चार दिवस कडक ऊन दाखवून राहिला. तुले ढगातलं काय समजते?"

तिसऱ्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. उत्तमरावांनी मोबाइल शेजारच्या श्रीकांतपुढे धरला. "पाय, ऊनच हाय!"

श्रीकांतनं डोळे बारीक केले. "काका, हे तं नाशिकचं हाय."

(रोपं आणायला नाशिकला गेले तेव्हा मोबाइलात लावलेलं गावाचं नाव त्यांनी बदललंच नव्हतं.)

तेवढ्यात पहिली गार पत्र्यावर वाजली. मग गोट्यांएवढ्या, मग लिंबाएवढ्या. उत्तमराव डोक्यावर स्वयंपाकघरातला गंज उपडा घालून धावले. चादरी, सतरंज्या, हाती लागेल ते वेलींवर टाकू लागले. शकुंतलाबाईंनी पेटीतून लग्नातली पांढरी साडी काढली.

"ती नोको!" ते ओरडले.

"लेकरावानी वाढवल्या ह्या वेली," त्या म्हणाल्या आणि साडी पसरली.

वीस मिनिटांनी गारा थांबल्या. एक घड धड उरला नव्हता. साडीच्या चिंध्या झाल्या होत्या, जांभळ्या. शकुंतलाबाई चिखलात बसून तिच्यातल्या गारा एकेक वेचू लागल्या. त्या भांडल्या असत्या, तर उत्तमरावांना बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं, शकू," ते म्हणाले.

शेजारपाजारचे येऊन, मयतीला बसावं तसे बसले. उत्तमराव कसेबसे उभे राहिले. "माझ्यापाशी आता काहीच उरलं नाही," ते म्हणाले.

श्रीकांत हळूच खाकरला.

"काका, लुंगी तिकडं तिसऱ्या वेलावर हाय. आणून देऊ?"

शकुंतलाबाईंनी वर पाहिलं. त्या एकदम हसल्या, आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या रडल्या, की उत्तमराव लुंगीचं विसरून तसेच त्यांच्याजवळ चिखलात बसले.